बारीक काहीच नाही

नवी पेठेत दागिन्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून एक माणूस काळे मणी ओवतो. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करतो. नजर रस्त्यावर. बोटांकडे बघत नाही.

गोखरूचा काटा लोकरीत अडकला की लोकर ओढायची नसते. काटा धरायचा.

नाकात गेलेला शेंगदाणा फुगतो.

टॉवेलाच्या टोकाला सुटे दोरे असतात. थोडे इकडचे, थोडे तिकडचे, एक पीळ, एक गाठ. सावित्रम्मा बोलता बोलता गाठ मारते आणि बोलणं तुटत नाही.

"एक चुरमुरा उचल बरं, बाळा."

हे शेवटचं वाक्य मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता सिद्धेश्वरी मॅडम बोलल्या. त्या लहान मुलांच्या वाढीचं बघतात. शहरातल्या पाळणाघरांतून फिरतात, सोबतचं खोकं उघडतात, ठोकळे, मोठे मणी, फिरकीच्या झाकणाची बाटली काढतात आणि कागदावर खुणा करतात. अक्कलकोट रोडला आत, यंत्रमागांच्या वस्तीतल्या रुपालीच्या पाळणाघरात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. अभिमन्यू त्यांच्यासमोर बसला होता. वय दोन वर्षं नऊ महिने, शर्ट इस्त्रीचा, भांग पाडलेला. ताटलीत पाच चुरमुरे. अभिमन्यूनं ताटलीकडे बघितलं, मग रुपालीकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. आ केला आणि तसाच थांबला. चुरमुरे तिथं, तोंड इथं, आणि मधे कुणीतरी यायचं राहिलेलं. मॅडम हसल्या नाहीत. "तू घे ना," म्हणाल्या. तेव्हा त्यानं अख्खा पंजा ताटलीत घातला, खरवडल्यासारखा ओढला, चुरमुरे उडाले, मॅटवर पसरले, आणि रुपाली ताबडतोब गुडघ्यांवर बसून एकेक वेचायला लागली. अंगठा आणि पहिलं बोट. टिप, टिप, टिप. चौथा चुरमुरा उचलताना तिला स्वतःचा हात दिसला. जणू दुसऱ्या कुणाचा तरी. किती सफाई. मग तिनं मान वर केली तर मॅडमही तिच्या हाताकडेच बघत होत्या.

"ताई, इथं बारीक काही नाही का? मणी, बिया, बटणं असलं?"

"नाही मॅडम." आवाजात अभिमान होता. "बारीक काहीच नाही. एकसुद्धा नाही. मी रोज दोनदा मॅट उचलून बघते."

"आणि जेवण?"

"मीच भरवते. आठांना ओळीनं बसवते. कपड्याला डाग म्हणून नाही लागत."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मुलांकडे बघितलं नाही, खोलीकडे बघितलं. फिकट पिवळ्या भिंती. कोपरे गोल केलेले. फोमची जाड मॅट, तिच्यावर मोठमोठे प्लॅस्टिकचे चेंडू, एक घोडा, एक घसरगुंडी. "दोन मुलं गेल्याच आठवड्यात आलीत म्हणालात ना, ती छान उचलतायत," त्या म्हणाल्या. "जुनी सहा आहेत, त्या सहांचं मात्र एकसारखं आहे. पान उलटत नाही, झाकण फिरत नाही, खडू मुठीत. एकाचं तसं असतं तर मी पोराकडे बघितलं असतं. सहांचं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बिघाड काही नाही हो. हाताला काम मिळालं नाही. महिन्यानं परत येते मी."

हाताला काम मिळालं नाही. हे वाक्य सोलापुरात रोज कुठंतरी म्हटलं जातं. माग बंद पडला की म्हणतात, कारखान्याला कुलूप लागलं की म्हणतात. मोठी माणसं म्हणतात. दोन वर्षं नऊ महिने वयाच्या माणसाबद्दल ते रुपालीनं पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी मुलं झोपली. पलीकडच्या गल्लीतले माग चालूच होते, खट खट खट खट, मुलांना त्या आवाजाशिवाय झोप येत नाही, रविवारी घरी ती झोपत नाहीत असं आया सांगतात. रुपाली भिंतीला टेकून बसली आणि सोळा हात मोजायला लागली. मुठी. उघड्या, मिटलेल्या, अर्ध्या. एवढे स्वच्छ हात. ही नखं ती स्वतः दर शनिवारी कापते. या खोलीतून चार वर्षांपूर्वी काय काय गेलं ते तिला आठवत होतं, क्रमानं: लाकडी मण्यांची दोरी. चिंचोके. खडूचे तुकडे. कपड्याचे चिमटे. बाहुलीचे बूट. झाकणांचा डबा. शेंगा. सोलापुरात राहून शेंगा. मग चटणीसुद्धा, कारण चटणीत एखादा अख्खा दाणा राहतो. मग वाटाणे, डाळिंबाचे दाणे, पोहे. मग चमचे. चमचे का? चमचे बारीक नव्हते. ते कपड्यांसाठी गेले. तिथून पुढं भीती कुठं संपली आणि हौस कुठं सुरू झाली हे तिला

कळलं नाही.

जिच्यापासून हे सुरू झालं त्या मुलीचं नाव होतं संस्कृती. आता शाळेत जाते, दुसरीत आहे, रस्त्यात दिसली की "मावशी" म्हणून हाक मारते. तेव्हा तीन वर्षांची होती. शेंगा फोडायचा खेळ चालला होता, रुपालीनंच मांडलेला, मुलं अंगठ्यानं टरफल दाबायची आणि टक आवाज झाला की हसायची. संस्कृती हसली नाही. नाक धरून बसली. रुपालीनं तिला उचललं, बाकीची मुलं शेजारच्या सावित्रम्माच्या पदरात टाकली, रिक्षा धरली. रिक्षात मुलगी रडत नव्हती, हेच भयंकर होतं, शांत बसून एका नाकपुडीनं श्वास घेत रस्त्यातल्या म्हशी बघत होती. डॉक्टरनं चिमटा घातला आणि दाणा काढला. चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळ. "झालं," म्हणाला. "असले दिवसाला दोन येतात." संस्कृतीच्या आईनंसुद्धा काही म्हटलं नाही, उलट रुपालीलाच पाणी दिलं. कुणी काही म्हटलं असतं, एक कुणी ओरडलं असतं, तर कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. कुणी ओरडलं नाही म्हणून रुपालीनं शिक्षा स्वतःच घेतली. घेतली असं तिला वाटलं. चार वर्षं ती शिक्षा भोगतंय कोण, ते आज ताटलीत दिसलं.

आणि लोक खूश होते. हे विसरता येत नाही. मुलं सकाळी जशी यायची तशीच संध्याकाळी परत जायची, इस्त्रीसकट. रोज दुपारी ती ग्रुपवर फोटो टाकायची: सगळी मुलं, ओळीत, तोंडं उघडी, चिमण्यांच्या पिल्लांसारखी. खाली हृदयं यायची, हात जोडलेले यायचे. "ताई तुमच्यासारखं कुणी नाही." तो फोटो आता तिनं मोबाइलवर मोठा करून बघितला. आठ तोंडं. हात सगळे मांडीवर. घडी करून ठेवल्यासारखे.

सहा वाजता प्रियंका आली. अभिमन्यूची आई. एका लॅबमध्ये रक्त काढते, दिवसभर लोकांच्या शिरा शोधते. रुपालीनं एकदा तिच्याकडे रक्त दिलं होतं तेव्हा सुई कधी गेली ते कळलंसुद्धा नव्हतं. मॅडमनी तिला फोनवर सांगितलं होतं, थोडक्यात. प्रियंकाचे डोळे सुजलेले.

"ताई, मोबाइलनं झालं असेल का हो? मी जेवताना देते कधी कधी. आमच्या सासूबाई म्हणतात, आईचा हात लागला नाही लेकराला, मग लेकराचा हात कसा चालंल. दिवसभर लोकाची रक्तं काढीत बस म्हणतात."

रुपाली काय म्हणाली? "होईल सगळं नीट," म्हणाली. अभिमन्यूच्या सँडलचे पट्टे लावले. एक, दोन. चटचट. आणि प्रियंकाला तसंच, तो सगळा दोष घेऊन, गाडीवरून जाऊ दिलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापवताना, तिनं आईला फोन लावला. केराबाई सांगोल्याकडे गावी असते, मेंढरं आता भावाकडे आहेत, ती नुसती ओरडायला असते.

"आये, मी ल्हान असताना तू मला हातानं काय काय करायला शिकवलंस गं?"

"काय शिकीवलं? कायबी न्हाय. मेंढरं कातराय बसलो की तुला लोकरीपशी ठिवायचो. तू आपली काटं काढत बसायचीस."

"केवढी होते मी?"

"चालत हुतीस की. पडत हुतीस बी. लई किरकिरी पोर, हाताला काय तर गावलं की मग गप."

"टोचायचं नाही का गं मला?"

"टोचायचं की. रडायचीस. परत काढायचीस. का? आज का इचारतीस? दूध उतू चाललंय बग तुजं, आवाज येतोय हितं."

दूध खरंच गेलं. ती गॅस पुसत राहिली आणि ओट्याच्या काळ्या दगडावर तिला लोकर दिसत होती, काळी, कोमट, मेंढराचा वास असलेली, तेलकट; हात घातला की बोटांना आधी काही लागत नाही, मग लागतं, टोक, बारीक, चिवट, आणि ओढलं की लोकरच येते सोबत, म्हणून थांबायचं, दुसऱ्या हातानं लोकर दाबायची, काट्याचं अंग चाचपायचं आणि हळू. हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. काट्यानं सांगितलं. आई तिकडे बाबांशी भांडत असायची, मेंढी पाय झाडत असायची, कातरीचा आवाज, धूळ, आणि त्या सगळ्यात तिची दोन बोटं आपापलं काहीतरी शिकत होती, तिलासुद्धा न विचारता. पुढं त्याच बोटांनी तिनं सुई धरली, पेन धरलं, लेकराचं नख न दुखवता कापलं. आपल्याला जे घाणीत, फुकट, दुर्लक्षात मिळालं ते आपण एवढ्या प्रेमानं काढून घेतलं. प्रेमानंच. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, टाकून तरी देता आलं असतं.

बुधवार, गुरुवार. तिला सगळीकडे बोटंच दिसायला लागली. रिक्षावाला चिल्लर न बघता निवडतो. दूधवाला पिशवीची गाठ एका हातानं सोडतो. आणि दारात सावित्रम्मा. ती शेजारीण, नवरा मागावर होता, आता नाही. घरी टॉवेलांचे गठ्ठे आणते आणि टोकाच्या दोऱ्यांना गाठी मारून देते. चार वर्षांपूर्वी रुपालीनं तिला उंबऱ्याच्या बाहेर बसवलं होतं. दोरा गळ्यात जाईल, तोंडात जाईल. तेव्हापासून ती जाळीच्या दाराबाहेर ओट्यावर बसते आणि मुलं आतून जाळीला नाक लावून बघतात. गुरुवारी रुपाली तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली.

"काय गं? कोण मेलं?" सावित्रम्मा म्हणाली.

"कुणी नाही अव्वा. मुलांचे हात... मॅडम म्हणाल्या चालत नाहीत."

"कसं चालतील? तू चालू देते का? मी म्हटलं नव्हतं, लेकरं हाय का लोणच्याची बरणी हाय? फडकं बांधून ठेवली वरती." तिनं एक गाठ ओढली. "माझ्या पोरीनं, राजेश्वरीनं, तिसऱ्या वर्षी मागाची बॉबिन भरली. वाईट केलं मी ते, शाळा गेली तिची. तू दुसरं टोक धरली. मधलं कोण धरायचं गं?"

मधलं.

शुक्रवारी प्रियंका लवकर आली. घाईत होती. "ताई, सोमवार-मंगळवार अभि येणार नाही. पुण्याला घेऊन जाते. नसांचं काही असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आमच्या सरांनी डॉक्टरचं नाव दिलंय. रजा टाकली मी." आणि मग, बॅगेची चेन ओढता ओढता, अगदी सहज, "नोकरीचं पण बघते. सोडूनच द्यावी म्हणते."

रुपालीच्या डोक्यात त्या क्षणी सगळे हिशोबी विचार येऊन गेले आणि त्यांची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटली: ही ग्रुपवर लिहील, सहाच्या सहा जातील, मॅडमनी तर कुणाचं नाव घेतलं नाही, मग आपण का. पुण्याचा डॉक्टरसुद्धा म्हणेलच की बिघाड नाही. आपोआप मिटेल. पण त्याआधी त्या पोराला सुया लावतील, वायरी लावतील, आणि ही बाई, जिच्या सुईचं दुखत नाही, ही घरी बसेल.

"त्याच्या हातात काही नाही," रुपाली म्हणाली.

"म्हणजे?"

"हात चांगलाय त्याचा. मी दिलं नाही काही हातात. कुणालाच नाही दिलं. घास मी भरवते, बटण मी लावते, झाकण मी काढते. त्याला बोट कधी लागलंच नाही, प्रियंकाताई. तुमच्या मोबाइलनं नाही झालं. तुमच्या नोकरीनं तर नाहीच. दिवसाचे नऊ तास तो माझ्याकडे असतो."

"पण तुम्हीच तर दाखवायचात... बघा कसा स्वच्छ जेवतो म्हणून."

"व्हय," रुपाली म्हणाली. किती वर्षांनी तोंडात आलं ते. "व्हय. मीच दाखवायची."

माग चालू होते. प्रियंका सँडल लावायला वाकली, अभिमन्यूचा पाय तिच्या हातात, पट्टा तिच्या बोटांत, आणि ती तशीच थांबली. मग पट्टा लावला, मुलाला उचललं आणि गेली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण या वेळी रुपालीनं स्वतःला शिक्षा केली नाही. तेवढी अक्कल आली होती. तिनं ग्रुपवर सगळ्यांना तेच लिहिलं, चार ओळींत, आणि मोबाइल तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवून दिला.

रविवारी ती नवी पेठेत गेली. मोठे लाकडी मणी हवे होते, नाकात न जाणारे, तोंडात न मावणारे. दुकानदारानं प्लॅस्टिकचे दाखवले, तिनं नको म्हटलं, त्यानं विचारलं कशाला हवेत, ती म्हणाली पोरांना, तो म्हणाला मग प्लॅस्टिकचेच न्या, धुता येतात. तिला हसू आलं. गर्दीत उभी राहून ती एकटीच हसली आणि एक बाई वळून बघायला लागली. मग त्या पायरीवरच्या, मणी ओवणाऱ्या माणसाजवळ ती किती वेळ उभी होती कोण जाणे. शेवटी तोच म्हणाला, "मंगळसूत्र तुटलंय का, ताई?" "नाही," ती म्हणाली, "बघतीय नुसती." "बघा की," तो म्हणाला. "बघायला काय लागतंय."

सोमवारी आठ वाजता दार उघडलं तशी सावित्रम्मा तिच्याआधीच आत शिरली आणि मॅटवर गठ्ठा सोडून बसली. लांब दोरे कापून वीतभर केलेले. "हे नाही गळ्यात जात. मापलं मी." कोपऱ्यात वाटाण्याच्या शेंगा, कांदे, कणकेचा गोळा, चिमटे. साडेआठला दोन मुलं आली. पावणेनऊला आणखी एक. रोजच्या वेळेपेक्षा सगळीच उशिरा, किंवा तिला तसं वाटलं. एका आईनं कळवलं होतं की ती दुसरीकडे बघतेय. नऊ वाजून गेले आणि प्रियंकाची गाडी थांबली.

अभिमन्यूच्या अंगात एक जुना बनियन होता, कुणा मोठ्या भावंडाचा असावा, पोटावर हळदीचा न निघालेला डाग.

"पुणं?" रुपालीनं विचारलं.

"मॅडम परत येईपर्यंत थांबते म्हटलं." प्रियंका आत आली नाही. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. राग होता, तो लपवलेला नव्हता. "मला रोज सांगायचं, ताई. फोटो नको. काय केलं ते सांगायचं, आणि काय नाही जमलं ते आधी." मग गाडी वळवता वळवता, "एक बरं झालं, इस्त्री वाचली माझी."

भरवणं सोडणं सगळ्यात अवघड गेलं. शेंगा, कणीक, दोरे हे सगळं तिला आवडायला लागलं, पण जेवायच्या वेळी तिचे हात आपोआप उठायचे. म्हणून ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसते. आजही तशीच बसलीय. अभिमन्यूसमोर भाकरीचे तुकडे, पातळ आमटी, चार उकडलेले वाटाणे. त्यानं आ केला. ती हलली नाही. त्यानं आ तसाच ठेवून तिच्याकडे बघितलं, मग बाजूच्या मुलीकडे, तिच्या भुवईला आमटी लागलेली, ती मजेत होती. त्यानं तोंड मिटलं. पंजा घातला. आमटी उडाली, मॅटवर, बनियनवर, सावित्रम्माच्या टॉवेलावर. "अय्यो, धुवायचं कोण?" सावित्रम्मा म्हणाली आणि सरकली नाही. वाटाणा पळाला. त्यानं परत हात घातला. पळाला. तो रडायच्या बेताला आला, ओठ बाहेर आला, रुपालीच्या मांडीखालच्या बोटांना मुंग्या आल्या आणि तिला वाटलं, आता नाही राहवत, एकच घास, एकच, आणि त्याच वेळी त्याचा अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा झाला. नुसता वेगळा झाला, आडवा आला आणि वाटाणा बोटाला चेपून फुटला. फुटलेला वाटाणा त्यानं बघितला. चाटला. पुढच्याकडे वळला.

मॅडम यायला अजून अकरा दिवस आहेत. ते तिनं मोजलेले नाहीत, भिंतीवर कॅलेंडर आहे म्हणून दिसतात.

ज्या मंगळवारी मॅडम पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी सकाळी साडेनऊला अभिमन्यूनं मॅटवरची एक मुंगी अंगठा आणि पहिल्या बोटात धरून उचलली होती. रुपालीनं मुंगी तेवढी बघितली आणि ओल्या फडक्यानं त्याचा हात पुसून घेतला.